डाव्या कुशीवर

माझ्या दाईचं नाव आयला.
खरंच. ॲबर्डीनमध्ये मुलींचं नाव असतं ते.
पहिल्या भेटीत तिनं हात पुढे करून सांगितलं
आणि मला हसू फुटलं,
हसता हसता उमळून आलं,
तिच्याच बेसिनमध्ये ओकले.
"चालायचंच," म्हणाली, नळ सोडत.

जानेवारी होता. साडेतीनलाच दिवेलागण.
आमच्या खोलीखाली मासे तळायचं दुकान,
तेलाचा वास जिना चढून वर यायचा
आणि मी, मालवणची, बांगड्यावर वाढलेली,
उशीत नाक खुपसून बसायचे.
आयला म्हणाली, पोट रिकामं ठेवू नकोस.
उठायच्या आधी, अंथरुणातच, एक कोरडं बिस्कीट.
निनाद रात्री उशाशी बशी ठेवायचा,
वर वाटी पालथी घालून,
नैवेद्य झाकावा तशी.

आपल्याकडे म्हणतात, दिवस गेले.
इथे आठवडे जातात, आणि एकेकाची नोंद होते.
आईला फोनवर सांगितलं, सव्विसावा संपला.
ती बोटांवर मोजत राहिली बराच वेळ.
"ते राहू दे गं. सातवा लागला का, एवढं सांग."

त्याआधी, एप्रिलात, बसमध्ये
कुणीतरी टिचकी मारली.
मी मागे वळून बघितलं.
मागे कुणीच नव्हतं.

डोहाळे म्हणशील तर दगडाचे.
हे गाव सगळं ग्रॅनाइटचं, करडं,
भिंती भिजल्या की वास सुटतो
पाटीवरच्या पेन्सिलीचा,
दुसरीत दप्तराआड कुरतडलेल्या.
एकदा कोपऱ्यावरच्या बँकेच्या भिंतीला
इकडंतिकडं बघून
जीभ लावली.
हे आयलाला सांगितलं तेव्हा ती हसली नाही.
रक्त काढलं. लोह कमी.
गोळ्या संत्र्याच्या रसाबरोबर घे, चहाबरोबर नको.
गोळ्यांनी पोट घट्ट धरलं, म्हणून अंजीर,
अंजिरांनी जळजळ, म्हणून ते पांढरं घट्ट औषध
पेपरमिंटच्या चवीचं.
दगड मात्र सुटला.
थोडं वाईटच वाटलं.

आता जून. बत्तिसावा.
रात्र येतच नाही इथे,
अकरा वाजता आभाळ पातळ ताकासारखं
आणि तीनला समुद्रपक्षी कौलांवर भांडायला तयार.
निनादनं खिडकीला काळी चादर टाचलीय.
अंगठी साबण लावून काढली, दोऱ्यात ओवली.
बुटांचे बंद मी शेवटचे कधी पाहिले आठवत नाही.

"कुशीवर झोप," आयला म्हणाली, "पाठीवर नको आता.
डावी बरी, उजवीही चालेल. गुडघ्यांमध्ये उशी.
आणि जाग आली तेव्हा पाठीवर असलीस
तर घाबरू नकोस. वळ, बस."

मी तिला सांगायला गेले,
आमच्याकडे दोन्हीला एकच शब्द आहे,
आपण ज्या अंगावर झोपतो ती कूस
आणि बाळ ज्यात झोपतं तीही.
इंग्रजी अर्ध्यावर संपलं.
बरगडीवर हात ठेवला, मग पोटावर,
मग पुन्हा बरगडीवर.
"दुखतंय का तिथे?" तिनं विचारलं
आणि लिहूनही घेतलं काहीतरी.

काल पहाटे पोटरीत गोळा आला.
निनाद अर्धवट झोपेत उठला,
पायाची बोटं माझ्याकडे वाकवून धरली,
उलट अंक मोजले, पुन्हा आडवा झाला.
मी पाठीवर होते.
हाताचा टेका घेतला, श्वास सोडला, कूस बदलली.
आत कुणीतरी कूस बदलली.
आधी कोण वळलं, सांगता येत नाही.

पलीकडे, पलंगाच्या वीतभर कडेवर,
निनाद डोळे मिटून
त्या सापासारख्या लांब उशीची
पाठ चोळत होता.
मी बोलले नाही.